तीस दिवसांची रोपं

"पाय धुतलेस का गं?" दार उघडायच्या आधी काकूंनी खिडकीच्या काचेआडून विचारलं.

"धुतले."

"आणि केस?"

"झटकले. साडीही बदलली."

मग आतली कडी निघाली. मी आत शिरले, मागे दार लावलं, ओल्या पडद्याला अंग घासत दुसऱ्या दाराशी गेले. ते उघडायच्या आधी पहिलं दार नीट बसलंय ना, हे एकदा वळून बघायचं, असा त्या घराचा नियम होता. अंगणातल्या न्हाणीत माझ्यासाठी एक धुतलेली साडी कायम टांगलेली असायची. बाहेरची साडी तिथेच सोडायची आणि ती नेसून आत जायचं. केंद्रातल्या बायका यावरून माझी चेष्टा करायच्या. देवकीबाई सोवळ्यात जेवायला गेल्या, म्हणायच्या.

सोवळ्याचा प्रश्न नव्हता. हुपरीकर सरांच्या बायकोला गाजर गवत सोसत नसे. काहींना त्याने चार दिवस खाज सुटते, शिंका येतात, तसं नाही. काकूंचा चेहरा, मान आणि कोपरापर्यंत हात काळे पडून जाड झाले होते. पापण्या सुजून डोळे बारीक झाले होते. बोटांची टोकं तर इतकी निबर, की गरम भांडं उचललं तरी पटकन कळायचं नाही. गवत फुलावर आलं की वाऱ्यावरून येणारा कणही त्यांना पुरायचा. नऊ वर्षं त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या, दवाखाना सोडला तर. बदली का मागत नाही, असं कोणी सरांना म्हटलं की ते म्हणायचे, "गाजर गवत नसलेलं गाव दाखवा, उद्या अर्ज करतो."

"आणलास?" काकूंनी विचारलं.

मी पितळी डबा पुढे केला. आईने दिलेली खुरासणीची चटणी. आमच्याकडे, सुरगाण्याच्या डोंगरात, घरोघरी हीच काळी चटणी असते. इकडे देशावर तिला कारळ्याची म्हणतात. काकूंना डॉक्टरांनी निम्म्या गोष्टी वर्ज्य केल्या होत्या. ही चटणी सोसते असा शोध त्यांना माझ्याच डब्यातून लागला होता आणि तेव्हापासून मी गावाहून येताना त्यांच्यासाठी वेगळा डबा आणायचे. तो संपला की त्या धुऊन परत द्यायच्या. रिकामा कधीच नाही. साखर, गूळ, निदान मूठभर फुटाणे तरी घालून. डबा रिकामा पाठवू नये म्हणतात.

"आता चारच दिवस," काकू म्हणाल्या. त्यांनी बोटाने चटणी चाटली. "सोमवारी मी पण येणार आहे. जीपच्या काचा लावून बसेन. साडी इस्त्री करून ठेवलीय, बघ."

पलंगावर मोरपंखी रंगाची साडी घडी करून ठेवली होती. मी बघितली आणि छान आहे म्हटलं. सोमवारी काय होणार, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं. कारण तासाभरापूर्वी मी वाळूत बसून एक रोप उपटलं होतं.

हे शहाऐंशी सालातलं. मी तेव्हा चोवीस वर्षांची, त्या संशोधन केंद्रात प्रयोगशाळा सहाय्यक. सरांनी सहा वर्षं अर्ज-विनंत्या करून मेक्सिकोतून एक बारीकसा पतंग मागवला होता. शास्त्रीय नाव एपिब्लेमा. आमचा चौकीदार त्यांना पाहुणे म्हणायचा, मग सगळेच म्हणायला लागले. करंगळीच्या नखाएवढा, राखाडी, पंख मिटून बसला तर कोणाला वाटेल भिंतीला काहीतरी लागलंय. पण त्याची अळी गाजर गवताच्या कोवळ्या शेंड्यात शिरते, आतून देठ पोखरते आणि तिथे सुपारीएवढी गाठ येते. गाठ आलेलं झाड वाढत नाही, फुलत नाही. गवत ज्या मुलखातून आलं, त्याच मुलखातला त्याचा वैरी आणायचा, असा सरांचा विचार होता.

फक्त असा परका जीव लगेच सोडता येत नाही. तो आणखी काय खाईल, हे आधी तपासावं लागतं. त्यासाठी काचघर होतं. त्यालाही दोन दारं, मध्ये काळोखी बोळ आणि बोळात भिंतीला मोठा आरसा. बाहेर पडताना आरशापुढे उभं राहून केसात, खांद्यावर, पाठीवर पतंग बसलाय का, ते बघायचं. जाळीच्या पिंजऱ्यांतून चार-दोन पतंग सुटायचेच, आणि एकही बाहेर जाता कामा नये. सरांचं असं झालं होतं, घरी दोन दारांनी गवत बाहेर ठेवायचं आणि इथे दोन दारांनी पतंग आत.

बावन्न झाडांची यादी होती. सूर्यफूल, करडई, शेवंती, झेंडू, झिनिया, गाजर गवताच्या भाऊबंदातलं जे जे माणूस लावतो ते सगळं. त्यात खुरासणीही होती. एकेका झाडाच्या रोपांवर पतंग सोडायचे आणि महिनाभर बघायचं. रजिस्टरात रकाने होते, झाड, वय, अंडी, गाठी. सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "देवकी, रोपं कोवळी हवीत. तीस दिवसांच्या पुढे नको. जून देठात अळीचे दात चालत नाहीत. ती बिचारी आत शिरू न शकल्याने मरेल आणि आपण लिहू, हे झाड सुरक्षित आहे."

मी मान डोलावली होती. इतकं साधं होतं ते.

त्या वर्षी नागपंचमीच्या सुमाराला माझा बाप गेला. डोंगरउतारावर खुरासणी पेरून घरी आला, ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी गेला. मला निरोप मिळेपर्यंत जाळून झालं होतं. मी पंधरा दिवस घरी राहिले. पाहुणेमंडळी रडत होती, आई रडत होती, मी चहा करत होते. मला रडू आलं नाही. आतून सगळं गप्प झालं होतं. जेवायला वाढलं की जेवायचे, नाही वाढलं तर नाही.

परत आले तेव्हा खुरासणीची पाळी होती. जाताना मी कुंड्यांचं काम माळ्यावर सोपवून गेले होते. त्याने पाणी चुकवलं नव्हतं, पण पाइप लावून धो-धो घातलं होतं. तीस दिवसांची रोपं आडवी होऊन कुजून गेली होती. काचघरामागे मे महिन्यात पेरलेल्या कुंड्या मात्र उभ्या होत्या. त्या पेरल्या तेव्हा पतंगांना रोग पडला होता आणि चाचणी पुढे गेली होती, म्हणून तशाच राहिलेल्या. खोडं काडीसारखी कडक, खालची फुलं येऊन गेलेली, वर पिवळी फुलं.

पुन्हा पेरायला हवं होतं. त्यासाठी सरांकडे जाऊन रोपं मेली असं सांगायला हवं होतं. का मेली, तर मी नव्हते. का नव्हतीस, ते त्यांना माहीत होतं, पण तरी ते म्हणतील वाईट झालं, आणि मग मला काहीतरी बोलावं लागेल. मला बोलायचं नव्हतं. कोणाशीच नाही, कशाबद्दलच नाही. मी जुन्या कुंड्या उचलून पिंजऱ्यात ठेवल्या आणि वयाच्या रकान्यात तीस लिहिलं.

लिहिताना हात थांबला नाही, हेही सांगून टाकते. खोटं लिहितेय असं वाटलं असतं तर बरं झालं असतं. काहीच वाटलं नाही.

महिना झाला. अंडी दिसली, गाठ एकही नाही. सरांनी यादीत खुरासणीपुढे बरोबरची खूण केली. बावन्न झाडं पार पडली, अहवाल दिल्लीला गेला आणि डिसेंबरात परवानगीचं पत्र आलं. सरांनी ते पत्र घरी नेऊन काकूंना मोठ्याने वाचून दाखवलं. सोमवारी कालव्याकाठी पतंग सोडायचे ठरले.

आणि गुरुवारी मी काचघरात वाळू भिजवत होते. गारवा राहावा म्हणून जमिनीवर वाळू अंथरलेली असायची. मागच्या कोपऱ्यात, ओल्या भिंतीपाशी, मांडणीच्या पाठीमागे मला हिरवं काहीतरी दिसलं. मांडणी सरकवली. खुरासणीची रोपं होती, चौदा. जुन्या झाडांचं बी गळून वाळूत पडलं होतं आणि तिथे पाणी होतं, ऊब होती. मी लहानपणापासून ते झाड ओळखते, पान फुटायच्या आधीसुद्धा. कोवळी, लुसलुशीत, तीस-पस्तीस दिवसांची.

सुटलेल्या पतंगांनी ती माझ्याआधी शोधली होती. चौदांपैकी नऊ रोपांच्या देठावर गाठी होत्या.

एक रोप उपटून मी गाठ नखाने फोडली. आत पिवळट अळी होती, धडधाकट, चांगली पोसलेली. मी अळी आणि रोप दोन्ही विषाच्या बाटलीत टाकलं, मांडणी परत जागेवर सरकवली, आरशापुढे उभी राहिले, केस झटकले आणि काकूंकडे डबा द्यायला गेले.

आमच्याकडे डोंगरउतारावर खुरासणीशिवाय दुसरं काही धड येत नाही. भात खाली वाहाळाच्या कडेला, नागली मधे आणि वर जिथे माती कमी तिथे खुरासणी. तेच आमचं तेल, तीच चटणी. बापाने मरायच्या आधी शेवटचं हातात घेतलं ते तिचंच बी. पतंग कालव्याकाठी सोडला म्हणजे तिथेच राहील असं नसतं. सरच म्हणायचे, दहा वर्षांत हा सह्याद्री ओलांडेल, बघ. कौतुकाने म्हणायचे.

हे सगळं मला त्या दुपारी माहीत होतं. तरी मी काकूंकडे बसून त्यांची मोरपंखी साडी छान आहे म्हटलं, खोलीवर गेले, भात केला, जेवले आणि झोपले.

शुक्रवारी सकाळी सर काचघराच्या बाहेर पिंजरे मोजत होते. जीपमध्ये किती मावतील याचा हिशेब चालला होता. खूश होते. मला बघून म्हणाले, "देवकी, सोमवारी तू पहिला पिंजरा उघडायचास. तुझाच मान."

"सर, आत या जरा."

"काय गं? बुरशी लागली का पुन्हा?"

"नाही. या."

मी मांडणी सरकवली. सर पुढे वाकले. मग गुडघ्यांवर बसले. पँट भिजली, तिकडे लक्ष नाही. एकेका रोपाला बोट लावत त्यांनी गाठी मोजल्या, मग पुन्हा मोजल्या.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं. त्यांना दिसत होतं काय आहे ते.

"खुरासणी."

"आत काही आहे का? नुसती सूज असेल."

"अळी आहे. काल मी एक फोडून बघितली."

"काल?"

"हो."

त्यांनी खिशातून ब्लेड काढलं आणि स्वतः दोन गाठी चिरल्या. दोन्हींत अळ्या होत्या. एक तर कोषात जायच्या बेतात होती. त्यांनी ती तळहातावर घेतली. ती वळवळत होती आणि ते तिच्याकडे बघत होते.

"पण आपण चाचणी घेतली ना. गाठ एकही नव्हती."

मी विषाची बाटली त्यांच्यापुढे धरली.

"देवकी, रोपांचं वय किती होतं?"

"नव्वद. थोडं जास्तच."

"रजिस्टरात तीस आहे."

"मी लिहिलं."

"चुकून?"

"नाही."

ते वर बघायला लागले. वाळूत बसलेला माणूस उभ्या माणसाकडे बघतो तसं. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं बहुतेक.

"का?"

"तीस दिवसांची मेली होती. मी गावाला होते तेव्हा. बाप गेला होता."

"मला सांगायचंस. पुन्हा पेरली असती. सहा आठवडे गेले असते, एवढंच."

"हो."

"सहा आठवडे," ते पुन्हा म्हणाले. मग हात झटकत उठले. तळहातावरची अळी त्यांनी बाटलीत टाकली, झाकण लावलं. "तुमच्याकडे किती लावतात ही?"

"सगळेच लावतात. डोंगर पिवळा होतो."

"अजून कोणाला माहीत आहे?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. दाराशी जाऊन बोळात आरशापुढे उभे राहिले. नियमाप्रमाणे खांदे बघितले, मान वळवून पाठ बघितली. मग तिथेच उभे राहिले. खांद्यावर काही नव्हतं, तरी आरशात बघत राहिले.

"नंतर बोलू," एवढं म्हणून ते गेले.

शनिवारी सर आलेच नाहीत. नऊ वर्षांत असं पहिल्यांदाच झालं, असं चौकीदार म्हणाला. मी पिंजऱ्यांना पाणी घातलं, पतंगांना मधाचा बोळा ठेवला, मेलेले वेचले. चौदातली दोन रोपं सरांनी चिरली होती, एक मी. उरलेली अकरा उपटायला दोन मिनिटं लागली असती. मी तीन-चार वेळा त्या कोपऱ्यापर्यंत गेले. उपटली नाहीत. त्यात काही शौर्य नव्हतं. एकदा सांगून झालं होतं, आता ठरवायचं काम सरांचं होतं आणि मला त्याने हलकं वाटत होतं. लाज वाटायला हवी होती, तीही वाटली नाही.

रविवारी सकाळी आठ वाजता सर आले. दाढी केलेली, कपडे इस्त्रीचे. डोळे मात्र झोप नसल्याचे.

"ऑटोक्लेव्ह लाव," ते म्हणाले.

ऑटोक्लेव्ह म्हणजे पिंपाएवढा कुकरच. काचघरातून बाहेर जाणारी प्रत्येक गोष्ट त्यात शिजवून मगच टाकायची. मी पाणी भरलं, शेगडी पेटवली. सर पिंजरे आणत होते, मी पतंग, अळ्या, कोष, झाडं सगळं पोत्यांत भरत होते. मध्ये एकदा सर म्हणाले, "सावकाश. पंख तुटतील." मग त्यांचं त्यांनाच कळलं.

दुपारपर्यंत अठरा पिंजरे झाले. शिट्टी नाही, नुसता वाफेचा आवाज आणि शिजलेल्या गवताचा उग्र वास. कोपऱ्यातली अकरा रोपं सरांनी स्वतः मुळासकट काढली. सुटलेले पतंग भिंतीवर, काचेवर बसलेले होते. ते आम्ही एकेक करून नळीत पकडले. संध्याकाळपर्यंत काचघरात हलणारं असं काही उरलं नाही. सर खुर्चीत बसले. टेबलावर रजिस्टर होतं. त्यांनी खुरासणीचं पान काढलं, माझा तीस खोडला, वर नव्वद लिहिलं आणि बाजूला स्वतःची सही केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, वय तपासून घेण्यात माझ्याकडून हयगय झाली.

"सर, ते मी..."

"तपासायचं काम माझं होतं."

"पण लिहिलं मी होतं."

"देवकी, घरी जा आता. आणि काकूंकडे उद्या तू जा. मी सांगितलंय त्यांना. पण तू जा."

एक मेलेला पतंग मी आधीच टाचणीला लावून ठेवला होता. मेलेला बाहेर न्यायला हरकत नसते. तो काड्यापेटीत ठेवला.

सोमवारी, ज्या वेळेला कालव्याकाठी जीप जायची होती त्या वेळेला, मी न्हाणीत पाय धुतले, साडी बदलली, केस झटकले. काकूंनी खिडकीतून काही विचारलं नाही. नुसती कडी काढली.

आत मोरपंखी साडी तशीच पलंगावर होती. मी काड्यापेटी उघडून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडाला धरली आणि सुजलेले डोळे बारीक करून बघितलं.

"एवढासा?"

"हो."

"मला वाटायचं, मोठा असेल. फुलपाखरासारखा. इतकी वर्षं बोलत होते ना, मी आपला मोठाच धरला होता." त्यांनी बोटाचं टोक पंखाला लावलं. "काही कळतच नाही गं बोटाला."

मी काड्यापेटी परत घेतली नाही. त्यांनी ती उशाशी ठेवली.

"देवकी, बस. तुला एक सांगायचंय." मी बसले. "शुक्रवारी ते घरी आले आणि सगळं बोलले. तू रोपांचं खोटं लिहिलेलं वय, ती कोपऱ्यातली रोपं, सगळं. मग मला विचारलं, काय करू?"

"हं."

"मी म्हटलं, सोडा."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

"मी म्हटलं, चौदा तर रोपं आहेत, उपटून टाका, कोणाला कळणार आहे? डोंगरातल्या खुरासणीला कोण विचारतंय? मी म्हटलं, नऊ वर्षं मी या खोलीत आहे, ती कोणी मोजलीत का? खूप बोलले. शनिवारी दिवसभर बोलले. ते ऐकून घेत होते." त्यांनी कोनाड्याकडे हात केला. "आणि तो डबा तिथे होता, समोर. तुझ्या आईचा. शनिवारी दुपारी मी त्यातली चटणी घेऊन भाकरी खाल्ली आणि पुन्हा म्हटलं, सोडा."

बाहेर कोणीतरी सायकलवरून गेलं. खोलीत औषधाचा वास होता.

"त्यांनी ऐकलं नाही माझं," काकू म्हणाल्या. "आता तुला राग आला असेल तर येऊ दे."

राग यायला हवा होता. मी शोधून बघितला, सापडला नाही. मी म्हटलं, "मी गुरुवारी बघितलं होतं, काकू. सांगितलं शुक्रवारी. गुरुवारी मी इथे आले होते ना, तेव्हा मला माहीत होतं."

"मग मधल्या रात्री काय केलंस?"

"झोपले. चांगली झोप लागली."

काकू हसल्या. आवाज न करता, जाड झालेला चेहरा जेवढा हलू देईल तेवढ्या. मग त्यांनी उठून डबा उतरवला. चटणी संपलेली होती, डबा धुऊन ठेवलेला होता. त्यांनी त्यात साखर भरली, झाकण लावलं. मग पलंगावरची साडी उचलून डब्यावर ठेवली.

"ही तुझ्या आईला दे."

"काकू, नको. ही तुमची..."

"मला कुठे जायचंय? दे तिला. का दिली ते सांगू नकोस."

मी साडी घेतली. दोन दारं ओलांडून बाहेर आले, न्हाणीत कपडे बदलले. कुंपणापलीकडे गाजर गवत पांढरं फुललेलं होतं. छातीपर्यंत.

त्यानंतर केंद्रात पुन्हा तो पतंग आला नाही. सर तीन वर्षांनी निवृत्त झाले. तोवर त्यांनी माझ्या त्या रकान्याचा कधी उल्लेख केला नाही. केला असता तर चाललं असतं. काकू आणखी सात वर्षं जगल्या, त्याच खोलीत. मी दर खेपेला डबा नेत राहिले. पाय धुतलेस का, असं त्या पुन्हा विचारायला लागल्या होत्या.

साडी मी संक्रांतीला घरी नेली. आईने ती उलटून-पालटून बघितली, जरा घाबरूनच. "येवढी नवीकोरी? का दिली तिनं?"

"चटणी आवडली म्हणून."

"चटणीला कोणी साडी देतं का?" असं म्हणून आईने ती पेटीत ठेवली.

पुढच्या दसऱ्याला मी गेले तेव्हा घरी कोणी नव्हतं. मी वर उतारावर गेले. खुरासणी फुलली होती, बापाच्या तुकड्यापासून थेट वरच्या कड्यापर्यंत पिवळं. त्याने पेरलेल्या खुरासणीचं बी आईने राखून ठेवलं होतं, तेच पेरलेलं. ती कमरेएवढ्या फुलांत उभी राहून तण काढत होती, मोरपंखी साडी गुडघ्यापर्यंत खोचून. साडी जुनी व्हायची वाट बघत कशाला बसायचं, म्हणाली, आज सण आहे, नेसले.

मी शेजारच्या रोपाचा देठ हातात धरला. बुडापासून शेंड्यापर्यंत बोटं फिरवली. गाठ नव्हती. दुसरं धरलं, तिसरं धरलं. सरळ, गुळगुळीत, कुठेही गाठ नाही. तिथेच मला रडू आलं. थांबेचना.

आई फुलांतून वाट काढत आली. तिने मातीचे हात साडीला न लावता लांब धरले आणि कोपराने मला जवळ ओढलं. "बा आठवला का गं?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. बाच आठवला होता. चौदा महिन्यांनी.